मंडळीचा पुढारी निवडताना नेमकं काय बघायचं?

खाडीकाठ

नाताळानंतरच्या आठवड्यात आपल्या कोकणपट्ट्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांची वार्षिक सभा असते. चाकरमानी आलेले असतात, त्यांना परतायचं असतं, त्यामुळे सभा उरकण्याकडे कल. पंच आणि कमिटीच्या निवडीला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. कुणीतरी नाव सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात की झालं. त्या दहा मिनिटांचं फळ मंडळी पुढे कित्येक वर्षं भोगते.

गुणांची यादी या धाग्यात नको. नम्र, प्रार्थनाशील, प्रेमळ हे सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न असा आहे की माणसात हे आहे की नाही ते निवडीआधी कळावं कसं? बायबलातल्या १ तीमथ्य ३ मध्ये प्रेषित पौलाने मंडळीच्या अध्यक्षासाठी जे सांगितलंय त्यात कौशल्य म्हणावं असं एकच आहे, शिकवण्याची हातोटी. बाकी सगळं स्वभाव, घर, पैसा, दारू आणि बाहेरच्या लोकांत असलेलं नाव. आपण मात्र निवडताना आवाज कसा आहे, इंग्रजी येतं का, तालुक्याला ओळखी किती आणि वर्गणी किती देतो ते बघतो.

ज्यांनी कमिट्या, धर्मग्राम (पॅरिश), युवक संघ, स्त्री मंडळ जवळून बघितलंय त्यांनी लिहावं. पारख कशी करता, चुकतं कुठे, आणि चुकलं तर सावरायचं कसं?

तिठा

चांगला विषय. माझं मत असं की माणूस मंडळीत कसा वागतो हे सर्वात शेवटी बघावं, कारण तिथे सगळेच जपून वागतात.

पहिली चौकशी घरी. १ तीमथ्य ३:४-५ मध्ये घर सांभाळण्याचा मुद्दा आहे, तो मुलं किती शिकली यासाठी नाही. घरात त्याला कुणी 'नाही' म्हणू शकतं का, ते बघायचं. नवरा बोलत असताना बायको मध्येच त्याची चूक दुरुस्त करते आणि तो ऐकून घेतो, हे मला दहा प्रवचनांपेक्षा जास्त सांगून जातं. बायको प्रत्येक वाक्याआधी त्याच्या तोंडाकडे बघत असेल तर तेही सांगून जातं.

दुसरी चौकशी बाहेरच्यांकडे. ३:७ स्पष्ट आहे, बाहेरच्यांनी त्याच्याबद्दल चांगली साक्ष दिली पाहिजे. आपल्याकडे हे सहज करता येतं, कारण वाडीत शेजार मिश्र असतो. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांना विचारा. बांधावरून, विहिरीवरून, वाटेवरून याचं कुणाशी कसं वागणं आहे? हाताखालचे गडी, आंबे उतरवणारे मजूर, बोटीवरचे खलाशी यांचे पैसे ठरल्या दिवशी देतो का?

तिसरी चौकशी त्याच्याशी मतभेद झालेल्यांकडे, आणि ती कुणीच करत नाही. 'हा माणूस भांडला तरी खोटं बोलत नाही' असं विरोधक म्हणत असेल तर निर्धास्त नाव सुचवा.

कोकमसार

धागो बरो काढलात. माझा म्हणणा एकच. माणूस पारखूचो तर चर्चीत नको, बाजारात पारखा. उधारी कितकी आसा आणि ती कधी फेडता, ता दुकानदाराक बरोबर म्हायत आसता.

दर्यासारंग

वर मजुरांचा मुद्दा आला म्हणून लिहितो. किनाऱ्यावरच्या मंडळ्यांना पुढारी कसा असावा हे समजावायला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पुरेसा आहे. तांडेल बोटीवरच असतो. तो किनाऱ्यावर बसून फोनवरून बोट चालवत नाही. वारा फिरला तर भिजतो तोही, जाळं रिकामं आलं तर वाटा कमी होतो त्याचाही. म्हणून खलाशी त्याचं ऐकतात.

१ पेत्र ५:२-३ मध्ये वडिलांना हेच सांगितलंय की कळपावर धनीपणा करू नका, कित्ता व्हा. मत्तय २०:२५-२८ मध्ये प्रभू म्हणतो, परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. पारख करायची तर मंडळीचं अंगमेहनतीचं काम निघतं तेव्हा बघा. पावसाआधी कौलं चाळायची असतात, कब्रस्तानातलं रान काढायचं असतं, नाताळाच्या मंडपासाठी बांबू आणायचे असतात. कोण सूचना देतो आणि कोण कोयता घेऊन येतो, हे दोन-तीन वेळा बघितलं की पुरे.

पोफळी

पैशाचा मुद्दा सविस्तर लिहिते. पुढाऱ्याचा प्रामाणिकपणा ही भावना म्हणून सोडून देऊ नये, व्यवहारात तो रोज दिसला पाहिजे. पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेऊन गेला. कारण त्यानेच दिलंय (२ करिंथ ८:२०-२१): प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य ते करायचं. पौलाला ज्याची गरज वाटली, ते आपल्या खजिनदाराला अपमान का वाटावं?

अर्पण मोजायची साधी पद्धत अशी. उपासना संपली की थैल्या सरळ वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत. मोजायला दोघं, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, आणि त्यांची पाळी दर महिन्याला बदलायची. पाळकाने मोजणीला बसू नये, त्याच्याच रक्षणासाठी. कोणत्या नोटा किती, नाणी किती, हे आधी कागदावर. पाकिटातली रक्कम पाकिटावर लिहिलेल्या आकड्याशी ताडायची, फरक निघाला तर पाकिटावरच नोंद करायची. मग वहीत बेरीज आणि दोघांच्या सह्या. आकडा चुकला तर एका रेघेने खोडून शेजारी सही, व्हाइटनर अजिबात नाही. पैसा इमारतीबाहेर जाण्याआधी हे सगळं पूर्ण झालं पाहिजे. सोमवारी बँकेत भरणा, आणि भरण्याची स्लिप त्याच पानाला टाचायची.

बिघडतं ते असं. 'रिक्षावाला थांबलाय, अर्पणातूनच दे, नंतर लिहू.' जमा रक्कम पूर्ण भरली जात नाही, खर्चाची पावती राहते, आणि वर्षअखेरीला ताळा बसत नाही. चोरी कुणीच केलेली नसते, पण संशय मात्र सगळ्यांवर. उपाय म्हणजे किरकोळ खर्चासाठी वेगळी पेटी, तिला ठरलेली मर्यादा (दोन हजार म्हणा), प्रत्येक खर्चाला व्हाउचर, आणि पेटी संपली की व्हाउचर दाखवूनच पुन्हा भरायची.

आणखी दोन गोष्टी. कोऱ्या चेकवर सही कधीही नाही, 'मी उद्या मुंबईला जातोय' म्हणूनसुद्धा नाही. आणि छपरासाठी आलेला पैसा पगाराला वापरायचा नाही, नंतर भरून काढू म्हणत तर नाहीच.

आता पारख. उमेदवाराला सहा महिने एका छोट्या कामाचा हिशेब द्या, संडे स्कूलच्या सहलीचा म्हणा. पैसे उरले तर किती दिवसांत परत आले, पावत्या न मागता आल्या का, आणि 'हे चाळीस रुपये कशाचे' असं विचारल्यावर चेहरा कसा झाला, ते बघा. सेवकांना आधी पारखून मग काम द्यावं असं १ तीमथ्य ३:१० मध्ये म्हटलंच आहे.

पडाव

पोफळीताई, हे छापून प्रत्येक वेस्ट्रीत लावायला हवं. व्हाइटनरच्या वाक्याला तर चौकट करा.

रानवारा

सगळ्यांचं बोलणं पटतंय, तरी एक अडचण मांडतो. हे सगळं सोसायटीचा सेक्रेटरी निवडण्यासारखं होत चाललंय. मंडळीचा पुढारी देव निवडतो. नवा राजा निवडायला शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरला मुलगा अलियाब उंच, देखणा, बघताच नजरेत भरणारा. देव म्हणाला, माणूस बाहेरचं पाहतो, मी हृदय पाहतो (१ शमुवेल १६:७). मेंढरांकडे असलेल्या धाकट्या दावीदाला तर कुणी बोलावलंही नव्हतं. चौकश्या, हिशेब, सहा महिने काम या चाळणीतून दावीद वर आला असता का? ज्याच्यात आत्म्याचं काम दिसतं, ज्याच्या प्रार्थनेत मंडळी उभी राहते, त्याला आपण व्हाउचरवरून नाकारणार का?

तिठा

रानवारा, दावीद वर आला असता. मेंढरं राखताना त्याने सिंहाला आणि अस्वलाला तोंड दिलं होतं, म्हणजे लहान कामात कुणी बघत नसताना तो विश्वासू होता. शौल राजापुढे त्याने तोच दाखला दिला (१ शमुवेल १७:३४-३७). पोफळीताई सहा महिन्यांच्या कामाबद्दल हेच म्हणत आहेत.

आणि दावीदाचं पुढचं पानही वाचा. राजे लढाईला जातात त्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला (२ शमुवेल ११:१), सत्ता होती, विचारणारं कुणी नव्हतं, आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको त्याने घेतली आणि उरीयाचा जीव गेला. अभिषेक झालेला होताच, कमी पडली ती राजाला तोंडावर सांगणाऱ्या माणसाची. नाथान संदेष्टा आला तो सगळं घडून गेल्यावर. म्हणून निवडताना मी एक प्रश्न सरळ उमेदवारालाच विचारायला सांगतो: 'तुम्हाला तुमची चूक तोंडावर सांगतात अशा दोघांची नावं सांगा.' नावं लगेच आली तर उत्तम. आठवावी लागली तर थांबा.

शमुवेल स्वतः निवृत्त होताना लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली ते सांगा, मी परत देतो (१ शमुवेल १२:३). व्हाउचरला तोही भ्याला नव्हता.

जांभा

कॅथलिक बाजूने थोडं लिहितो, कारण आमच्याकडे पॅरिश प्रीस्ट (धर्मग्रामाचे फादर) लोक निवडत नाहीत, बिशप नेमतात. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, उत्तरेला वसई धर्मप्रांत १९९८ चा. त्यामुळे फादर कसे असावेत ही चर्चा आमच्या हाती फारशी नाही. पण पॅरिश कौन्सिल, फायनान्स कमिटी, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे), वाड्यावाड्यांतल्या लघुसमूहांचे प्रमुख हे सगळे आमच्यातलेच, आणि तिथे या धाग्यातलं सगळं लागू पडतं.

कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, काही गोष्टी स्पष्ट आहेत ज्या बऱ्याच जणांना माहीत नसतात. प्रत्येक धर्मग्रामात फायनान्स कौन्सिल असलंच पाहिजे (कॅनन ५३७), ते ऐच्छिक नाही. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा आहे (१२८७). ठरावीक कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला वापरायचं आहे (१२६७). पोफळीताईंचा छपराचा मुद्दा तोच.

फादरांची काही वर्षांनी बदली होते, आणि आमच्याकडे घोळ होतो तो तिथे. नवे फादर येईपर्यंत किल्ल्या, पासबुक, फेस्ताची (चर्चच्या सणाची) शिल्लक हे सगळं एकाच जुन्या माणसाकडे राहतं. तो प्रामाणिक असला तरी हळूहळू 'याला विचारल्याशिवाय काही होत नाही' अशी स्थिती येते. ३ योहानमधला दियत्रफेस असाच, पहिला मान हवा असलेला, आलेल्या बंधूंना न स्वीकारणारा आणि स्वीकारणाऱ्यांना बाहेर घालवणारा. आपल्या पॅरिशमध्ये किल्ली, पासबुक आणि शिक्का तीन वेगळ्या घरांत असतील एवढं बघा.

सुरंगी

आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांत पुढारी 'तो' आहे, म्हणून बोलते. रोम १६ मध्ये पौल किंख्रियेच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि तिने पुष्कळांना मदत केली असं सांगतो. अपुल्लोस मोठा वक्ता, पण त्याला बाप्तिस्म्याबद्दल अपुरं ज्ञान होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभेत न अडवता आपल्याकडे नेऊन नीट समजावलं (प्रे. कृत्ये १८:२६). त्यात दोन्ही बाजूंचा गुण दिसतो. चूक सांगणाऱ्याने चारचौघांत पाणउतारा केला नाही, आणि गाजलेल्या वक्त्याने तंबू शिवणाऱ्या जोडप्याचं ऐकून घेतलं.

कोकणात पुरुष मुंबईला किंवा बोटीवर, आणि आजाऱ्याला भेटणं, मयताच्या घरी जेवण पोचवणं, मुलांची शब्बाथशाळा हे सगळं बायका करतात. मग कमिटीत त्यांची संख्या किती? स्त्री मंडळाची अध्यक्ष म्हणून एक जागा, तीही चहापाण्याच्या विषयापुरती.

प्रेषितांची कृत्ये ६ उघडा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, 'तुम्हीच सात जण निवडा' म्हणाले, आणि लोकांनी निवडलेली सातही नावं ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती त्याच्याच हाती वाटप दिलं. आपल्याकडे वाडी-वाडीत, घराण्या-घराण्यांत, आणि स्पष्टच बोलायचं तर पूर्वीच्या जातींवरून मतं पडतात. त्यावर उपाय या अध्यायात आहे. पुढारी आपल्या बाजूच्या लोकांना कसा वागवतो हे बघू नका, डावलल्या गेलेल्या घराकडे त्याचं पाऊल वळतं का ते बघा.

दर्यासारंग

सुरंगीताईंशी पूर्ण सहमत. भेटी देण्याबद्दल थोडी भर. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पुरुष घरी असतात आणि हातात पैसा नसतो, नेमक्या त्याच वेळी शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि कर्जाचा हप्ता. पुढाऱ्याने घरभेटी याच दिवसांत कराव्यात, आणि मदतनिधी मार्च-एप्रिलमध्येच बाजूला काढून ठेवावा. मदत द्यायचा निर्णय दोघांनी घ्यावा, नाव सभेत वाचू नये, फी थेट शाळेत भरावी. कमिटी सदस्यांना या निधीतून उसने पैसे कधीच देऊ नयेत.

भेटीला गेल्यावर बोलणं कमी. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तेवढाच काळ ते बरोबर वागले. तोंड उघडलं आणि दोष द्यायला लागले. आजाऱ्याच्या घरी दहा-पंधरा मिनिटं, छोटं वचन, छोटी प्रार्थना, आणि औषधं आहेत का याची चौकशी. मयतानंतर पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. पुढाऱ्याची खरी गरज दीड-दोन महिन्यांनी असते, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं आणि वारसाचे कागद, पेन्शन, बँक यातलं काही कळत नसतं.

पागोळी

औषधांचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट. प्रार्थनेने बरं करण्याच्या सभा आता आपल्याकडे बऱ्याच होतात. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. याकोब ५:१४ मध्ये वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, ते जरूर करावं. पण 'गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास' असं जो सांगतो त्याला पुढारी म्हणू नये. लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, केवळ प्रार्थना कर असं सांगितलं नाही.

क्षयाचा साधा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस साक्ष देतो आणि गोळ्या सोडतो. जंतू उरलेले असतात, ते औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढचा उपचार लांबलचक आणि कठीण. इन्सुलिन सोडलं तर परिणाम दिसायला महिनेही लागत नाहीत. साप किंवा विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या आपल्या भागात हे प्रत्येक पुढाऱ्याला माहीत असावं. आधी गाडी काढायची, प्रार्थना गाडीत करायची.

रानवारा

पागोळी, इथे माझा काहीच वाद नाही. खरा आत्मिक माणूस डॉक्टरला घाबरत नाही. तिठा यांचं नाथानबद्दलचंही मान्य. माझा आग्रह एवढाच आहे की चौकशी पूर्ण झाली तरी निवडीआधी मंडळीने उपास-प्रार्थना करावी. प्रे. कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना अंत्युखियाच्या मंडळीने तसंच पाठवलं. आपण त्या दिवशी बिर्याणीची ऑर्डर आधी देतो.

पोफळी

मान्य, शंभर टक्के. उपासाचा दिवस सभेच्या आधीच्या शुक्रवारी ठेवता येईल.

शिंपला

शिकवण्याच्या हातोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही. ते एकच कौशल्य यादीत आहे म्हणजे ते बिनमहत्त्वाचं नाही. पाळक नसलेल्या वाडीत पंचच उपासना चालवतात, तेव्हा हा प्रश्न दर रविवारी येतो.

उतारा आधी सलग तीनदा वाचावा, मागचा आणि पुढचा अध्याय धरून. मग कागदावर उत्तरं लिहावीत: हे कुणी कुणाला म्हटलं, तेव्हा काय चाललं होतं, यात देवाबद्दल काय कळतं, आणि आपल्या वाडीत उद्या याचं काय करायचं. एक मुद्दा पकडावा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तिसऱ्यांदा 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणायची वेळ आली तर मुद्दा ठरलेला नव्हता असं समजावं.

मोठा धोका टोमण्यांचा आहे. कमिटीत शनिवारी भांडण झालं की रविवारी वक्ता त्यावरचं वचन शोधतो, आणि समोरच्याला खाली बसून ऐकावं लागतं, उत्तर देता येत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे एखादं पुस्तक क्रमाने घेणं किंवा ठरलेली वाचनं पाळणं. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, दर रविवारी थोडं थोडं घेतलं तर पुढच्या आठवड्याचा उतारा आधीच सगळ्यांना ठाऊक असतो. वक्त्याला वचन निवडता येत नाही, मग वचनाने कुणाला मारताही येत नाही.

जांभा

शिंपला, यात भाषेचंही घ्या. फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात आला, लोकांची भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. कारण इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती. ना. वा. टिळक तर आपल्या दापोली तालुक्यातल्या करजगावचे. त्यांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. आजही कॉयरमध्ये इंग्रजी गाणी तालमीत बसतात आणि पेटी-तबला कोपऱ्यात राहतो.

संत जुझे वाज यांचंही सांगतो, म्हणजे पुढारीपणाचा विषय पुन्हा हाती येईल. गोव्यातल्या बाणावलीत १६५१ चा जन्म. डच अंमलाखालच्या श्रीलंकेत मजुराच्या वेषात गेले, कारण तिथे पाद्र्यांना बंदी होती. कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाज यांनी त्यांची शुश्रूषा केली, धर्म न विचारता. पुढे वरचं पद देऊ केलं गेलं तेव्हा त्यांनी नकार दिला. २०१५ साली ते संत घोषित झाले. पद नको म्हणणारा माणूस शोधायचा असेल तर तो साथीच्या वेळी कुठे होता ते बघावं.

सुरंगी

मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा राहून जाईल म्हणून मांडते. कुणीही, फादर असो की पाळक की युवक संघाचा लाडका दादा, मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. शिकवणीच्या खोलीला काच असलेलं दार हवं किंवा दार उघडं हवं. सहलीला मुली असतील तर किमान दोन मोठ्या बायका. मुलांना रात्री खासगी मेसेज नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच बोलायचं.

काही घडल्याचं कळलं तर 'मंडळीची अब्रू' म्हणून आत मिटवायचं नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. हे नियम ऐकून ज्याला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं त्याला मुलांचं काम देऊ नये.

पडाव

वडिलांवर आरोप आला तर पवित्र शास्त्रात दोन-तीन साक्षीदारांची अट आहे ना? मग कुणी एकटा तक्रार घेऊन आला तर?

तिठा

१ तीमथ्य ५:१९ ची अट पुढाऱ्याला कुजबुजीपासून वाचवण्यासाठी आहे, तक्रार न ऐकण्यासाठी नाही. पुढच्याच वचनात पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यायला सांगितलंय, आणि २१ मध्ये पक्षपात करू नको असं. मुलांच्या बाबतीत तर वर सुरंगीताईंनी लिहिलंय तेच, सरळ पोलीस. पैशाच्या किंवा वागणुकीच्या तक्रारीत कागद, वही, दुसरा माणूस बघून पडताळावं. चौकशीला त्या पुढाऱ्याचे नातेवाईक किंवा देणेकरी नकोत, आणि चौकशी चालू असेपर्यंत त्याने सही आणि व्यासपीठ दोन्ही सोडावं. पेत्रासारख्या खांबालाही पौलाने अंत्युखियात तोंडावर अडवलं (गलती २:११), आणि त्यानंतरही पेत्र प्रेषित राहिला.

पोफळी

एक शेवटचा व्यवहाराचा मुद्दा, जमिनीचा. किनाऱ्यालगतच्या चर्चच्या जागा आणि माडांच्या बागा यांच्याकडे आता रिसॉर्टवाल्यांची नजर आहे. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत वा बिनशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. 'आधी करार करू, परवानगी मागून येईल' म्हणणारा विश्वस्त कितीही गोड बोलला तरी त्याला थांबवा. उमेदवारांना सरळ विचारा, तुमचा किंवा घरच्यांचा जमिनीच्या व्यवहारात काही संबंध आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहा.

खाडीकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. माझ्या मूळ प्रश्नावर परत येतो, कारण सभेला वेळ थोडा आहे आणि सहा महिन्यांची पारख यंदा शक्य नाही.

यंदासाठी असं सुचतंय. नावं सभेत तोंडी न घेता चार आठवडे आधी लेखी मागवायची, आणि ज्याचं नाव आहे त्याची संमती सोबत. मग दोन रविवार नावं फलकावर. कुणाला काही सांगायचं असेल त्याने सही करून पाळकाकडे द्यावं, निनावी चिठ्ठी घ्यायची नाही. प्रत्येक उमेदवाराशी दोघांनी घरी जाऊन बोलायचं, बायको किंवा नवरा समोर असताना. तिठा यांचा 'दोघांची नावं सांगा' हा प्रश्न आणि पोफळीताईंचा जमिनीचा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारायचा. शुक्रवारी उपास. आणि निवडून आलेल्या नव्या माणसाला पहिलं वर्ष हिशेब तपासायला द्यायचा, सही करायला नाही.

चाकरमान्यांच्या बाबतीत अजून अडतंय. वर्गणी मोठी तेच देतात, आणि नावंही त्यांचीच पुढे येतात. वर्षातून दोनदा येणारा माणूस पंच कसा होईल?

दर्यासारंग

याकोब २:२-४ त्यांच्यासमोरच प्रेमाने वाचा. सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा आणि गरिबाला 'तिथे उभा राहा', असं करू नका. चाकरमान्यांना इमारत निधी, मुंबईतल्या मुलांची सोय, आजाऱ्यांसाठी मुंबईच्या दवाखान्यातली धावपळ अशी कामं द्या, ती ते मनापासून करतात. पण पंच वाडीत राहणाराच हवा. तांडेल बोटीवर असायला पाहिजे.

कोकमसार

बरोबर. आणि जो निवडून येवचो नाय, तेका दुसऱ्या दिसा घराक जावन भेटा. नायतर तो आणि तेचा घरदार पुढच्या आयतवारपासून येवचा बंद होता.

पोफळी

कोकमसार यांचं नक्की लक्षात ठेवा. मतदान गुप्त चिठ्ठीने घ्या, हात वर करून नाही, नाहीतर शेजारी शेजाऱ्याकडे बघून मत देतो. चिठ्ठ्या मोजायला उमेदवार नसलेले दोघं बसवा, मतांचे आकडे त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट ९० दिवसांत द्यावा लागतो, आणि ते दिवस निवडीच्या तारखेपासून धरले जातात. डिसेंबरअखेर सभा झाली तर मार्चअखेरच्या ऑडिटच्या गडबडीत तो राहून जातो, म्हणून जानेवारीतच देऊन टाका.